डोक्यावरचे उस्ताद

मत्सर करावा तर कसा, हे मला उस्तादांनी शिकवलं. त्याआधी मी कुणावर जळलो नव्हतो असं नाही. पण ते किरकोळ जळणं. कुणाचं प्रमोशन, कुणाचा कोथरूडचा फ्लॅट, चार दिवस धूर निघायचा आणि विझायचा. उस्तादांवर मात्र मी नंदादीपासारखा जळलो. मंद, अखंड, आणि घरातल्या माणसांना उजेड पडेल असा. त्यात सोयीची गोष्ट ही की ज्यांच्यावर जळायचं ते राहायला लांब नव्हते. ओसाकातल्या आमच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, त्यांचं बिऱ्हाड होतं. जपानी घरांची तक्तपोशी म्हणजे पुठ्ठाच. ते वर शिंकले तरी खाली आमच्या वसुधाला हसू यायचं. मी मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतर्फे तिथे गेलो होतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली असूनही माझ्या शिंकेवर ती एकदाही हसली नव्हती.

उस्ताद लाहोरचे. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत जिथे जिथे पंजाबी बोलणारा माणूस पोचला होता, तिथे तिथे त्यांच्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेटी त्याच्या आधी पोचलेल्या होत्या. मूळचे ते शिंपी. नाटक कंपनीचे कपडे शिवायला थिएटरात जायचे. एकदा नोकराचं काम करणारा नट दुबईचा व्हिसा आला म्हणून खेळाच्या दिवशीच पसार झाला, तेव्हा मॅनेजरने गळ्यात टेप असलेल्या या शिंप्यालाच ट्रे हातात देऊन आत ढकललं. रंगमंचावर गेल्यावर वाक्य आठवेना. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढली, नायकाचं माप घेतलं आणि म्हणाले, “हुजूर, उंची भरपूर आहे. अक्कल मात्र शिलाईत दबली.” थिएटर कोसळलं. त्या दिवसापासून ते नोकराचंच काम करत राहिले. मालक बदलले, नाटकं बदलली, हा नोकर कायम. पंजाबीत अशा चपराकीला ‘जुगत’ म्हणतात. आपल्याकडेही तो शब्द आहे, पण आपली जुगत घरातला नळ दुरुस्त करण्यापुरती. त्यांची जुगत माणसाला उभा कापायची आणि कापला गेलेला माणूस टाळ्या वाजवायचा.

जपानात ते एका दौऱ्याबरोबर आले. कारखान्यांत आणि जुन्या मोटारींच्या धंद्यात असलेल्या आपल्या लोकांसाठी त्यांनी खेळ केले, बाकीची मंडळी परत गेली आणि हे राहिले. धाकट्या भावाचं शहराबाहेर जुन्या मोटारींचं यार्ड होतं. त्याने आमच्या वरची जागा घेऊन दिली. का राहिले, हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता माझी बाजू ऐका. ओसाका-कोबे भागातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा विनोदी माणूस मी होतो. हे पद मला कुणी दिलं नव्हतं, पण दुसरा उमेदवार नसल्यामुळे ते माझ्याकडे चालत आलं होतं. गणपतीत माझा एकपात्री कार्यक्रम व्हायचा. लोक हसायचे, म्हणजे जेवणाची पानं मांडेपर्यंत सभ्यपणे हसायचे. मला तेवढं पुरत होतं. आणि अशा वेळी परमेश्वराने माझ्या डोक्यावर एक अस्सल विनोदी नट आणून बसवला.

पहिल्याच दिवशी जिन्यात गाठ पडली. मी ऑफिसला निघालो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या टायपाशी थांबले आणि अतिशय काळजीने विचारलं, “बाऊजी, हा तुम्ही बांधलाय, की याने तुम्हाला धरून आणलंय?” मागे दारात वसुधा उभी होती. ती अशी हसली की तिला उंबऱ्यावरच बसावं लागलं. मी दिवसभर ऑफिसात त्याला उत्तर शोधत होतो. अजून शोधतो आहे.

वसुधाला ते ‘बाजी’ म्हणायचे. त्यांच्याकडे बाजी म्हणजे ताई. आम्हा मराठी माणसांना बाजी म्हटलं की पावनखिंड आठवते, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात ते फारसं चुकीचंही नव्हतं. होळीला तिने पुरणपोळी केली आणि वर नेऊन दिली. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आत पाहिलं, डोळे मोठे केले आणि हळूच म्हणाले, “मुबारक हो बाजी, या रोटीच्या पोटात गोड बातमी आहे!” हे वाक्य वसुधाने त्या आठवड्यात ओसाकातल्या सगळ्या मराठी घरांत फोन करून सांगितलं. माझं एक वाक्य तिने कधी शेजारच्या खोलीत नेलं नव्हतं.

बरं, हे फक्त आपल्याच लोकांवर चालत असतं तर मी सोसलं असतं. पण आमची घरमालकीण! या ओया-सानला हसताना पाहिलेला माणूस त्या गल्लीत जिवंत नव्हता. मी तिच्याशी शिकून, घोकून, अत्यंत आदरार्थी जपानी बोलत असे. ती ते गॅसच्या बिलासारखं ऐकून घ्यायची. उस्तादांना जपानीतले पाच-सहा शब्द येत होते, त्यांतले दोन चुकीचे. एकदा त्यांनी जाळायच्या कचऱ्याची पिशवी बाटल्यांच्या दिवशी खाली ठेवली. जपानात हा अपराध खुनाच्या जरा खाली येतो. ओया-सान तरातरा आली आणि तिने पिशवीकडे बोट दाखवलं. उस्तादांनी काय करावं? वाकून पिशवी उचलली, तान्ह्या बाळासारखी खांद्यावर घेतली, तिची पाठ थोपटली, ‘नाही हं, मालकीणबाई तुला रागावल्या नाहीत’ अशा अर्थाचं काहीतरी पंजाबीत तिच्या कानात सांगितलं, आणि अंगाई म्हणत जिना चढून गेले. ओया-सानने तोंडावर हात धरला. हाताच्या मागून एक बारीक किंकाळी आली. ते तिचं हसू होतं. संध्याकाळी तिने त्यांच्या दारात संत्र्यांची परडी ठेवली. मी इतकी वर्षं वेळेवर आणि नीट वेगळा केलेला कचरा टाकत होतो. मला कधी साधं सालही मिळालं नाही.

रविवारी ऊन पडलं की गल्लीतल्या बायका गॅलरीत गाद्या वाळत घालून बडवतात. उस्तादांनी त्याचं नाटक केलं. गादी म्हणजे चोर आणि ते लाहोरचे फौजदार. “बोल! माल कुठे आहे?” एक फटका. गादी गप्प. “चांगल्या घरची दिसतेस, कुणाच्या नादी लागलीस?” दुसरा फटका. मग धुळीचा लोट उठला की गल्लीकडे वळून, विजयी मुद्रेने, “निघाला, निघाला, माल निघाला!” समोरच्या खिडक्या एकेक करून उघडायच्या. भाषेचं अक्षर कळत नसताना त्या जपानी बायका रेलिंगला धरून हसायच्या. आमची सात वर्षांची मुक्ता खाली उभी राहून हे सगळं जपानीत समजावून द्यायची, आणि मला येऊन सांगायची, “बाबा, तुम्हीपण गादी मारा ना. पण मजेशीर मारा.” मी मारली. एक खिडकी उघडली. आवाज कमी करा, असं सांगायला.

आणि मग आला गणेशोत्सव. वसुधाने उस्तादांना आमंत्रण दिलं. मी म्हटलं, “अगं, त्यांना मराठी कुठे येतं?”

“अहो, तुमचा कार्यक्रम कळायला मराठी यावंच लागतं असं नाही,” ती म्हणाली. हे कौतुक होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वॉर्डाच्या हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम होता. उस्ताद कडक इस्त्रीचा कोट घालून पुढच्या रांगेत बसले. माझा एकपात्री झाला. लोक सवयीप्रमाणे सभ्यपणे हसले. मी नमस्कार करून खाली उतरतो न उतरतो तोच मागून कुणीतरी ओरडलं, “उस्ताद, आप भी कुछ सुनाइए!” ते नको नको म्हणत उठले, माईकपाशी जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ नुसते सगळ्यांकडे बघत राहिले. बँकवाले, कंपनीवाले, प्राध्यापक. मग सोप्या हिंदीत म्हणाले, “इतकी शिकलेली माणसं एका जागी इतकी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहतोय. बाऊजी, तुम्ही यांना केलंत तरी काय?”

हॉल फुटला. सभ्य हसू नव्हे. खुर्च्या सरकवणारं, डोळे पुसायला लावणारं. “बाऊजींना मी रोज पाहतो,” ते पुढे म्हणाले. “जपानी माणसासमोर ते इतकं वाकतात की त्याला वाटतं यांचं काहीतरी पडलंय. मग तोही वाकून शोधायला लागतो.” त्यानंतर जे काही झालं ते मी जेवणाची पानं मांडायला गेलो असल्यामुळे फक्त ऐकलं. वसुधाचं हसू त्या सगळ्यांतून वेगळं ओळखू येत होतं. लग्नाआधी, सिंहगडावर चालताना ती तशी हसायची. मी विसरून गेलो होतो की तिला असं हसता येतं. खरा चटका तो होता.

त्यानंतर मी वर जाणं बंद केलं. जिन्यात दिसले तर घाईत असल्यासारखा निघून जायचो. त्यांनी ते ओळखलं असणार. जुगतही मारेनासे झाले. असेच दिवस गेले, आणि एका रविवारी दुपारी बाजारातून येतो तो उस्ताद जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. कोट नाही, दाढी वाढलेली. मला बघून सरकले आणि पायरीवर जागा केली. आता निघून जाणं शक्य नव्हतं.

“लाहोरहून फोन होता,” ते म्हणाले. “जुना दोस्त नवीन नाटक काढतोय. म्हणतो, नोकर तूच.”

“मग?”

“नाही म्हणून सांगितलं. बाऊजी, मी इथे भावासाठी राहिलो असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे आता नाटकात नाच आलाय. एक नाच, मग आम्ही दोन मिनिटं, मग दुसरा नाच. शेवटच्या दिवसांत मी जुगत मारायचो आणि लोक घड्याळ बघायचे. एकदा पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, ‘चाचा, पुरे, पोरीला येऊ दे.’ वीस-पंचवीस वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी माझ्या खांद्यावरून विंगेत बघत होते. मी पळून आलो, बाऊजी. इथे गाद्या बऱ्या. त्यांना कुठे जायची घाई नसते.”

त्या क्षणी माझ्यासारख्या सज्जन माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी ठेवलाही. पण डोक्यात स्वच्छ दुसराच विचार आला होता: हे गेले तर वरचा मजला रिकामा होतो. आणि माझ्यात एकदम वक्तृत्व संचारलं. जन्मात मंडळाच्या व्यासपीठावर बोललो नाही असं मी त्या जिन्यावर बोललो. कलावंताची जागा रंगमंचावर, असं म्हणालो. पुढच्या रांगेतल्या एका गाढवासाठी मागच्या हजार माणसांना का उपाशी ठेवता, असं म्हणालो. गादी हसत नाही उस्ताद, असंही म्हणालो. ते माझ्याकडे एकटक बघत होते.

“तुम्हाला खरंच असं वाटतं?”

“शपथेवर सांगतो.”

“बाजी मला म्हणाली, जाऊ नका. भाऊ म्हणाला, जाऊ नका. जा म्हणणारे तुम्ही एकटेच.” त्यांचे डोळे भरून आले. “दोस्त म्हणजे असा.”

महिन्याभरात ते गेले. विमानतळावर त्यांनी एकही जुगत मारली नाही. मला मिठी मारली तेव्हा त्यांचे हात थंडगार होते. परतताना आगगाडीत वसुधा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तिकडे लोक नाही हसले तर काय करतील हो ते?” मला खूप सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. वरचा मजला शांत झाला, आणि त्या शांततेत मी रोज हाच हिशेब करायचो की एका माणसाला मी कुठे पाठवलं आहे.

काही महिन्यांनी भावाकडे कॅसेट आली. तिकडची कॅसेट आमच्या जपानी व्हीसीआरवर चालत नसे, ती चालवणारं यंत्र भावाकडेच होतं, म्हणून आम्ही तिघं त्याच्या यार्डातल्या पत्र्याच्या ऑफिसात गेलो. मेकॅनिक मंडळी हात पुसून जमिनीवर बसली होती. पडद्यावर मुंग्या येत होत्या. आधी एक नाच झाला. मग ट्रे घेऊन उस्ताद आले. बारीक झालेले, कोट सैल. पहिलं वाक्य बोलले. कुणी हसलं नाही. दुसरं बोलले. मागून शिट्टी आली, कुणीतरी नाचणारीचं नाव घेऊन ओरडलं. वसुधाने माझं मनगट घट्ट धरलं. मी, ज्याने या माणसाच्या प्रत्येक हशावर दात खाल्ले होते, तो त्या पत्र्याच्या खोलीत गुडघ्यांवर पुढे सरकून पुटपुटत होतो, “हसा रे. हसा ना लेकांनो.”

उस्तादांनी ट्रे खाली ठेवला. ओरडणाऱ्याच्या दिशेने हात जोडले आणि अगदी नोकराच्या नम्रपणाने म्हणाले, “येते आहे मालक, नटते आहे. तोवर तुमच्या बेगमसाहेबांचा निरोप ऐका. विचारतात, आज तरी घरी येताय का?”

 आधी वरच्या सज्ज्यातून हसू आलं, तिथून खाली सांडलं, आणि सगळं थिएटर उभं राहिलं. मेकॅनिक एकमेकांना मिठ्या मारत होते. मुक्ता टाळ्या पिटत होती. मी काय करत होतो ते मला आठवत नाही. वसुधा म्हणते, मी टीव्हीला नमस्कार करत होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही लाहोरला फोन लावला. आवाज दोनदा तुटला. “बाऊजी,” ते ओरडून म्हणाले, “आता माझ्या गावी या. पुढच्या रांगेत बसवतो, आणि सगळ्यांसमोर तुमची इज्जत काढतो.” मी म्हटलं, येतो. खरंच वाटलं होतं की जाऊ. पुढे आमची बदली झाली, पुण्यात घर झालं, दोन्हीकडच्या सरकारांची कधी बोलणी सुरू व्हायची, कधी बंद. आम्हाला एकमेकांचे शेजारी व्हायला ओसाकाच लागलं. आपापल्या गावी पोचलो आणि परदेशी झालो. नकाशात पाहिलं तर पुण्याहून लाहोर जवळ आहे, ओसाका कितीतरी लांब. ओसाकाला मी नंतर कामानिमित्त पुष्कळदा जाऊन आलो.