इमामचं वाढीव भाडं

नव्वदच्या सुमारास दौंडचा इमाम आमच्या कंपनीची पोती ट्रकने पोचवायचा. एकदा तो शिक्रापूरच्या गोदामावर आला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "इथे जागा नाही. माल खुटबावला ने. जवळच आहे, भाडं तेच." खुटबाव तिथून चांगलं तासाभराच्या वाटेवर होतं.

"जवळ हाय तर पोती तुम्ही खांद्यावर घ्या साहेब, मी मागनं रिकामी गाडी आणतो."

मॅनेजर चिडून आत गेले. इमामने ट्रक फाटकातच उभा केला, फाटकावर लुंगी वाळत घातली आणि स्टोव्हवर सुकट भाजायला घेतली. त्या दिवशी मालक येणार होते. हिशेबनीस या नात्याने मी एवढंच सुचवलं, की या वासापेक्षा वाढीव भाडं स्वस्त पडेल. मॅनेजरांनी नाक दाबून वाढीव भाड्याच्या कागदावर सही केली.

इमामने कागद खिशात घातला आणि निवांत जेवायला बसला. मालकांची मोटार मागे हॉर्न वाजवत होती.