टिनाखालच्या वड्या

नागपूरहून निघताना माझ्याजवळ दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत मोजमापाचं यंत्र आणि तारांची भेंडोळी. वड्यांची खोकी आधीच मालगाडीने पुढे गेली होती. वड्या खायच्या नव्हत्या. भाताच्या तुसाची राख आणि माती एकत्र मळून, भाजून केलेल्या, तळहाताएवढ्या. आत खसखशीहून बारीक छिद्रं. छिद्रांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. प्रयोगशाळेत रुपयाएवढा तुकडा दोन पितळी चकत्यांमध्ये धरायचा, एक चकती तापवायची आणि दुसरी किती तापते ते पाहायचं, यात माझी काही वर्षं गेली. छिद्रं किती बारीक आणि किती दाट ठेवायची, हे त्यातूनच ठरत गेलं. आता त्या खऱ्या छपराखाली बसवून बघायच्या होत्या.

अकोल्याला गाडी बदलली. मीटरगेजची ती छोटी गाडी कुणाच्या तरी ओळखीचं शेत दिसलं की थांबत असावी, असं मला वाटू लागलं. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. मधूनच एखादं कडुनिंबाचं झाड आणि त्याखाली दाटीने उभी गुरं. वाशीमला उतरले तेव्हा फलाटाची फरशी चपलेतून पोळत होती. माझ्या कामाला याहून योग्य गाव नाही, असं मनात आलं आणि मी स्वतःवरच वैतागले.

रिठदला एसटीने पोचले. आमच्या कार्यशाळेतले मिस्त्री मूळचे इथले. त्यांचे थोरले भाऊ पुंडलिकराव यांनी प्रयोगाला घर देऊ केलं होतं. घर बौद्ध वस्तीत, वस्तीच्या स्वतःच्या विहिरीजवळ. गवताचं छप्पर काढून त्यांनी दोन वर्षांपूर्वी टीन (पत्रा) घातलं होतं. वस्तीतलं पहिलं टीन. दिसायला झोकात, आणि दुपारी खाली बसलं की भट्टी.

"पावसाले लय चांगलं हाय," पुंडलिकराव म्हणाले. "उन्हाळ्याचं काही बोलू नका."

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी एका खोलीत टिनाखाली बांबूची तट्टी बांधून तिच्यावर वड्या रचून ठेवल्या होत्या. काम नीट झालं होतं. मी एक तार टिनाला आतून चिकटवली, दुसरी तट्टीच्या खाली सोडली. दोन्ही ठिकाणची उष्णता खाली बसून वाचता येत होती. शेवंताबाई, म्हणजे पुंडलिकरावांची बायको, दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

जेवायला भाकर, ठेचा आणि फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके). मी तीन फुणके खाल्ले, तरी त्यांना ते कमीच वाटले. जेवताना खरी गोष्ट कळली. त्यांची रत्ना मंगरूळपीरला दिली होती आणि आता दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण विहीणबाईंनी निरोप धाडला होता की त्या टिनाखाली सून भाजून निघेल, यंदा पाठवणार नाही. स्वतः येऊन खोली बघेन, मग ठरवेन.

"कधी येणार आहेत त्या?" मी विचारलं.

"परवाच्या दिशी," शेवंताबाई म्हणाल्या. "भर दुपारी येतो म्हनल्या. तुमचं मशीन काय म्हन्ते, ते त्याइले सांगजा बाई."

मी तंत्रज्ञ बोलतात तसं काहीतरी सावध बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारचे आकडे पाहिले. वड्यांनी काम केलं होतं, पण माझ्या अपेक्षेच्या जेमतेम निम्मं. टीन इतकं तापत होतं की अडवून अडवून किती अडवणार. मी आकडे कुणाला सांगितले नाहीत. पण माझं तोंड काही झाकलेलं नव्हतं, आणि शेवंताबाईंना वाचायला यंत्र लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. उंच, काटक, हातात काळी छत्री. चहा नको म्हणाल्या आणि थेट खोलीत भिंतीला टेकून बसल्या. मी यंत्रापाशी बसले. थोड्या वेळाने त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "थंड वाटून राह्यलं की."

खरोखरच वाटत होतं. मी काटा पाहिला. तट्टीखालच्या तारेचा आकडा छान उतरला होता. मला क्षणभर फार आनंद झाला. मग टिनाच्या तारेचा आकडा पाहिला. तो त्याहून जास्त उतरला होता. भर उन्हात टीन गार होतं. तार तुटली असणार, असं समजून मी बाहेर गेले.

पुंडलिकराव शिडीवर होते. अर्ध्या छपरावर ओली पोती पसरलेली. खाली वस्तीतल्या बायका विहिरीपासून ओळीने उभ्या, आणि घागरी हातोहात वर जात होत्या. आवाज न करता सगळं चाललं होतं.

"हे काय चाललंय?"

"काही नाई बाई," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "इन्स्पेक्टर येते तवा मास्तर शाळा नाई सारवून घेत? तुमचं मशीन तपासाले आलं, मंग घर पास नको व्हाले?"

मला हसू आलं आणि रागही आला. माझा आकडा वाया गेला होता. पण विहीणबाई माझ्याच तोंडून ऐकायला बसल्या होत्या. मी आत गेले, तोवर त्याही उठून दारात आल्या होत्या आणि शिडी बघत होत्या.

"खरं सांगा," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या वड्यानं पोरगी राहीन काय इथी?"

"नुसत्या वड्यांनी नाही," मी म्हटलं. "वड्या आणि ओली पोती, दोन्ही असतील तर राहील. पण पोती दुपारभर ओली ठेवावी लागतील."

शेवंताबाईंचं तोंड उतरलं. विहीणबाई बायकांकडे वळल्या. "सवा महिना? रोज? कोन टाकन पानी?"

सगळ्यांत पुढे उभी असलेली एक म्हातारी प्रश्न न कळल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमी टाकून राह्यलो ना. काहून इचारता?"

आणि तिने हातातली घागर वर दिली. विहीणबाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "आता चहा ठेव शेवंता."

पुढचे दोन दिवस मी पोती काढून एकदा आणि घालून एकदा मोजलं. पोती काढायच्या दिवशी वस्तीला माझा थोडा संशय आला.

परतताना वाशीमच्या स्टँडवर मी ट्रंकेवर बसले होते. मंगरूळपीरची गाडी लागली. काळी छत्री आधी उतरली, मागून एक जड पावलांची मुलगी. विहीणबाईंनी ओळख करून दिली. रत्ना मला नीट न्याहाळून म्हणाली, "मायचा निरोप आला, मशीननं पास केलं म्हने घर."

"घर पास झालं," मी म्हटलं. "वड्या काठावर."

ती समजूतदारपणे मान हलवून रिठदच्या गाडीकडे गेली. विहीणबाई छत्री तिच्यावर धरून स्वतः उन्हात चालल्या होत्या.

नागपूरला आल्यावर अहवाल लिहिला. वडीने किती उष्णता अडवली ते लिहिलं, खोटं काही लिहिलं नाही. साहेबांनी पोत्यांचा मजकूर वगळायला सांगितला, कारण पोती हा आपला विषय नव्हे. त्यांचं बरोबर होतं. पण एका लेकीला दुपारी झोप लागावी म्हणून सगळी वस्ती विहिरीवर उभी होती, हे मी पाहिलं आहे, आणि ते कुठेतरी लिहिल्यावाचून मला राहवेना. म्हणून इथे लिहिलं.