जाऊन राहिलो

माझ्या गेममध्ये बंदूक नाही, शत्रू नाही, गुणही मिळत नाहीत. एक म्हातारा माणूस घरातून निघून जातो आणि खेळणाऱ्याने त्याला गल्ल्यांमधून शोधायचं, एवढंच. तो दिसत नाही. अधूनमधून त्याचा आवाज येतो, "मी घरी जाऊन राहिलो," आणि त्या आवाजाच्या दिशेने जायचं असतं. तो आवाज माझ्या बाबांचा आहे.

बाबांचं विसरणं सुरू झालं तेव्हा ते अकोल्याच्या आमच्या जठारपेठेतल्या घरातून भरदुपारी चपला घालून निघायचे. कुठे चालले विचारलं की हेच वाक्य. घर म्हणजे हिवरखेड, नोकरी लागल्यावर त्यांनी सोडलेलं गाव. आई त्यांच्यामागे पायी, दादा मोटारसायकलवर. मी अमरावतीला कॉम्प्युटर शिकवते; तिथे खोलीवर बसून नुसता संताप व्हायचा, बाबांचा, दादाचा, स्वतःचा. काहीतरी करत राहायचं म्हणून गेम करायला घेतला. तेव्हा बाबांना बरंच कळत होतं. मी आवाज घ्यायला फोन पुढे धरला तर आईकडे बघून म्हणाले, "पोरगी मले आता टीव्हीत घालून राहिली." आणि मग ते वाक्य असं बोलले की दादाचा हात मोटारसायकलच्या किल्लीकडे गेला.

अमरावतीत एका कॉलेजात नव्या गेम्सचं प्रदर्शन होतं, तिथे मी टेबल मांडलं. पोरंपोरी आली. पहिल्यांदा आवाज ऐकला की हमखास हसायची. आपली बोली पडद्यावरून ऐकू आली की हसायचं असतं, ही सवय आम्हाला सिनेमावाल्यांनी लावून ठेवलीय. माझं डोकं फिरायचं, पण मी दात-ओठ खात पुढच्याच्या हातात हेडफोन द्यायचे. थोड्या वेळात हसू ओसरायचं आणि पोरं कान देऊन म्हाताऱ्याला शोधू लागायची. एका मुलीने तर मैत्रिणीला दटावलं, "चूप बस न वं, आवाज ऐकू दे."

दुपारी पुण्याहून आलेले परीक्षक बसले. त्यांना आवडलेला एक गेम ते स्वतः बाजारात आणणार होते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. छान खेळत होते. पहिला चौक झाला, आवाज आला आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"सुंदर आहे. पण फार लवकर संपला हो."

"संपला कुठे, सर? ते अजून सापडले नाहीत."

"पण ते घरी पोचलेत ना? जाऊन राहिलो म्हणाले."

"जाऊन राहिले म्हणजे जात आहेत."

"जाऊन राहिले म्हणजे गेले आणि तिथे राहिले," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

आमच्याकडे 'राहिलो' म्हटलं की काम चालू असतं. त्यांच्या कानाला ते आटोपलेलं वाटतं. आमचा माणूस उन्हात रस्त्यावर, आणि हे त्याला घरी पोचवून मोकळे. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वाक्य तेवढं बदला. 'मी घरी चाललो आहे,' सगळ्यांना कळेल. आवाज मात्र हाच हवा, असा आवाज मिळायचा नाही." मी हो म्हटलं आणि चरफडत खोलीवर आले. वाक्य बदलायचं नव्हतं, आणि गेम कुणी खेळलाच नाही तर तो केला कशाला, हेही सुटत नव्हतं. सुट्टी बघून अकोल्याची एसटी धरली.

बाबा तोवर बाहेर पडायचे थांबले होते. बोलणंही कमी झालं होतं. मी माईक लावताना बघून दादा चिडला. "बाबाले कावून त्रास देऊन राहिली वं? बोलू दे न त्यायले, बोलतात तसं."

मी ऐकलं नाही. स्टूल ओढून बाबांसमोर बसले. त्यांनी शुद्ध बोलावं म्हणून मीही शुद्ध बोलले; हा शब्द मला आवडत नाही, पण सोयीचा आहे. "बाबा, माझ्यामागून म्हणा. मी घरी चाललो आहे."

बाबा सावरून बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "मी घरी चाललो आहे." न अडखळता, 'आहे'तला ह सुद्धा पुरा. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

ते उठले आणि हात जोडले. "नमस्कार, मॅडम. झालं असेल तर निघू का? घरी मुलगी वाट पाहत असेल."

आमच्या घरात जयभीम म्हणतात. नमस्कार आणि ही असली मराठी बाबांनी जन्मभर कचेरीतल्या साहेबांसाठी ठेवली होती. घरात ती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. मी दारात आडवी झाले. "बाबा, मीच आहो न तुमची पोरगी. तुमी घरीच आहा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "जरा बाजूला होता का? उशीर होतो आहे." मला रडू आलं. आईने हाताला धरून त्यांना बसवलं.

ते वाक्य मी गेममध्ये घातलं नाही. जुनंच राहील असं पुण्याला कळवलं, आणि त्यांनी दुसऱ्याच कुणाचा गेम घेतला. वाईट वाटलं, अजून वाटतं. बाबा आता माझ्याशी बोललेच तर अहो-जाहो करतात. त्यांची बोली ऐकावीशी वाटली की मी गेम लावते, त्या गल्ल्यांमधून नुसती हिंडते आणि आवाज आला की मुद्दाम दुसऱ्या दिशेला वळते. ते सापडले की गेम संपतो.