पेन्सिलीने लिहिलेला निकाल

हेडक्लार्कवर मी सूड उगवला आणि तो उगवताना मला मजा आली, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते झालं, पण मजा आली नाही असं म्हणालो तर तो निव्वळ खोटेपणा होईल.

नव्वदीच्या मध्यावर मी सिल्वासातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. अख्ख्या लॅबमध्ये मी एकटाच. एड्सचं नाव तेव्हा लोक दबक्या आवाजात घेत. रोग किती पसरलाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आपणहून तपासून घ्यायला कोण येणार? म्हणून वरून हुकूम आला, की शवविच्छेदनाला येणाऱ्या प्रत्येक मृतदेहाचं थोडं रक्त काढून तपासायचं. कल्पना हुशारीची होती. ट्रकखाली आलेला किंवा दमणगंगेत बुडालेला माणूस काही त्या रोगाने मेलेला नसतो, तो चारचौघांतलाच असतो. त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे शरीराने त्या विषाणूशी झुंजायला तयार केलेली द्रव्यं सापडली, तर समजायचं की रोग साध्या वस्तीत शिरलाय. शिवाय मेलेला माणूस तपासणीला नाही म्हणत नाही.

नियम मात्र कडक होता. बाटलीवर नाव घालायचं नाही. नंबर, तारीख, बाई की पुरुष आणि वय, एवढंच. नावं शवविच्छेदनाच्या वहीत असत आणि ती वही हेडक्लार्कच्या कपाटात. माझ्या वहीत फक्त नंबर. या दोन वह्या कधी एकत्र उघडायच्या नाहीत, असं आम्हाला बजावून सांगितलेलं होतं.

हेडक्लार्क मुंबईकडून बदलून आलेला, पन्नाशीचा, पानाने ओठ रंगलेला गृहस्थ. कारखान्यांत नोकरीला लागणाऱ्यांचे फिटनेसचे दाखले त्याच्या टेबलावरून जात, त्यामुळे अथालपासून दादऱ्यापर्यंतच्या चाळींत डॉक्टरांपेक्षा त्यालाच जास्त ओळख. दुसऱ्याच्या घरातली बातमी चहाच्या टपरीवर नेल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. मला तो कधी आवडला नाही, पण वैर असं काही नव्हतं.

माझा थोरला भाऊ दादऱ्याला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. मी आधी आलो, मग दादाला बोलावून घेतलं. तो, वहिनी आणि त्यांची मुलगी अथालच्या एका चाळीत राहत. एका सकाळी पाळी संपवून सायकलवर घरी येताना दादाला टेम्पोने उडवलं. तो आमच्याच शवागारात आला. मी बाहेर पायरीवर बसून होतो. आत त्याचं रक्त काढत असणार हे मला कळत होतं. काम म्हणजे काम, असं स्वतःला बजावत राहिलो.

गावाकडे न्यायची सोय झाली नाही, दमणगंगेच्या काठीच सगळं उरकलं. पाचव्या दिवशी मी कामावर हजर झालो. फ्रिजमध्ये त्या आठवड्याची एकच बाटली होती. पुरुष, वय छत्तीस, दादाचंच वय. नाव नसलं म्हणून काय झालं?

दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला हवं होतं, पण होतं कोण? मी रक्त यंत्रात गरगर फिरवलं. मृतदेहाचं रक्त पडून राहिलं की पेशी फुटतात आणि वरचं पाणी पिवळसर राहायच्या ऐवजी लाल होतं. हे तसंच होतं, आणि असं लाल पाणी चाचणीला हमखास फसवतं. तरी मी चाचणी लावली. निकाल आला, रिॲक्टिव्ह, म्हणजे रोगाची शंका. हा पहिला निकाल धरायचा नसतो, दुसऱ्या किटवर पुन्हा बघायचं असतं. पण माझी एक वाईट खोड होती. पहिला निकाल सुट्या कागदावर लिहायचा सोडून मी वहीतच पेन्सिलीने लिहायचो, ‘रि.’ असा, आणि पक्का निकाल आला की खोडून शाईने लिहायचो. त्या दिवशीही तेच केलं. खोड काही सुटली नाही. मग तोंडावर पाणी मारायला बाहेर गेलो आणि वही टेबलावर उघडीच राहिली.

तेवढ्यात हेडक्लार्क महिन्याचा तक्ता मागायला आला होता. त्याला वहीत दिसलं ते एवढंच, तारीख, पुरुष, छत्तीस, रि. आपल्या कपाटातली वही काढून तारीख जुळवायला त्याला कितीसा वेळ लागणार? आमच्याकडे आठवड्याला मृतदेह येणार एखादा.

दुसऱ्या दिवशी मी रक्त नीट साफ करून दुसऱ्या किटवर लावलं, मग तिसऱ्या. दोन्हीकडे काही नाही. दादाच्या रक्तात काहीही नव्हतं. पेन्सिल खोडली, शाईने लिहिलं, खुर्चीवर बसून रडलो. आणि माझं रडणं संपायच्या आत बातमी अथालला पोचलीसुद्धा होती.

गंधमुक्तीच्या दिवशी मला ते कळलं. आमच्याकडे तेराव्याला गंधमुक्तीचं जेवण असतं. कारखान्यातले, चाळीतले सगळे आले, टेकले, हात जोडले. पत्रावळी वाढल्या आणि एकेकाला कामं आठवायला लागली. कुणाची पाळी होती, कुणाचं पोट बिघडलेलं. वरणभात तसाच निवत राहिला. वहिनी दाराशी उभी राहून सगळं बघत होती. शेवटी शेजारची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “भाई, बुरा मत मानना, दवाखानेका बडा बाबू खुद बोला है. सबको मालूम है.”

तळपायाची आग मस्तकात गेली.

नळावर वहिनीला सगळ्यात शेवटी पाणी भरू देऊ लागले. दुसऱ्या दिवशी पहिली येणारी बाई आधी नळ राखेने घासून घ्यायची. मुलीशेजारी शाळेत कुणी बसेना. घरमालक म्हणाला, महिनाअखेर खोली रिकामी करा. वहिनीला गावी जायचं नव्हतं, कारण मुलीची शाळा इथेच होती आणि तिला स्वतःला पॅकिंगमध्ये काम मिळत होतं. तिने मला एकदाच विचारलं, “भाऊ, खरं सांगा, त्यासले व्हती का अशी बिमारी?”

“नव्हती, वहिनी. मी स्वतः तपासलंय.”

“मंग चाळमा कोणी सांगी का? तुम्ही त्यासना भाऊ, तुम्हनं कोण मानी?”

मी मोठ्या डॉक्टरांकडे लेखी कागद मागायला गेलो. ते म्हणाले, “बाटलीवर नावच नाही, मग निकाल कुणाच्या नावाने देऊ? नियम आहे.” बदनामी करताना नियम कुणाला आठवला नाही, पण नाव धुवून काढायची वेळ आली तेव्हा मात्र तो भिंतीसारखा उभा राहिला. हेडक्लार्कला गाठलं, तर पानाची पिंक टाकून म्हणतो कसा, “मी कुठे काय म्हणालो? लोकच बोलतात.” त्या क्षणी मी ठरवलं, याला मी सोडणार नाही.

फार वाट बघावी लागली नाही. त्याला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशनआधी रक्त तपासत, आणि ते रक्त माझ्याकडेच येणार होतं. आलं. लावलं. चोख होतं, काही नव्हतं. मी पेन्सिल उचलली, रुग्णांच्या वहीत, जिथे नावं असत, त्याच्या नावापुढे ‘रि.’ लिहिलं, वही उघडी टाकली आणि चहाला निघून गेलो. सर्जनना सांगितलं, “जरा थांबा साहेब, रिपीट लावतोय.”

परत येईपर्यंत शिपायाने वही बघितली होती, काम फत्ते झालं होतं. ऑपरेशन पुढे ढकललं. आम्ही सगळे दुपारी डबे एकत्र खायचो. हेडक्लार्कची बायको माशाचं कालवण फर्मास करायची आणि त्यावर झुंबड उडायची. त्या दुपारी कालवणाला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आपल्या टेबलाशी एकटाच बसला. मी समोर बसून सावकाश, चवीने जेवलो. माझा जीव थंड झाला. असं सुख मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये आला. पान खाल्लेलं नव्हतं. “अहो, घरात बायको माझ्याशी बोलत नाही. खरं काय ते सांगा.”

“काही नाही तुम्हाला,” मी म्हणालो. “रिपोर्ट तयार आहे. पण आधी अथालला चला. माझ्या भावाला काही नव्हतं, तुम्ही खोटं बोललात, असं सगळ्या चाळीसमोर सांगा.”

मी काय केलंय ते त्याला समजलं होतं. तो हो म्हणाला.

रविवारी सकाळी नळावर गर्दी असते, म्हणून मी तीच वेळ साधली. हेडक्लार्क नळापाशी उभा राहिला आणि खरंच सगळं बोलला. वही चोरून पाहिली, अर्धवट निकाल होता, माझी चूक झाली, या बाईच्या नवऱ्याला कसलाही रोग नव्हता. शेवटी हात जोडले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो, आता विरघळतील, आता विरघळतील म्हणून.

शेजारच्या बाईने घागर उचलून कमरेवर घेतली. तिचा भाऊ आमच्याच दवाखान्यात शिपाई होता. ती म्हणाली, “येतो बोलेगाच ना. अब इसको भी वोही निकला है. दोनों एकदूसरेको बचाते हैं.”

मी ओरडलो, की यांना काही नाही, रिपोर्ट माझ्या खिशात आहे. खिशातून काढून दाखवलासुद्धा. घरमालक हसला. “भाऊ, तुमचाच कागद आणि तुमचाच शिक्का.” बायका पाणी भरू लागल्या. हेडक्लार्कच्या आसपास हातभर जागा रिकामी राहिली. दादाचं नाव धुवून काढू शकेल असं तोंड अख्ख्या मुलखात एकच होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने नासवलं होतं.

वहिनी दारात उभी होती. तिने हेडक्लार्कला आत बोलावलं, खाली सतरंजी टाकली, माठातलं पाणी दिलं. तो ते घटाघटा प्यायला. गंधमुक्तीपासून त्या घरातलं पाणी बाहेरच्या माणसाने पहिल्यांदाच तोंडाला लावलं होतं. मग वहिनी माझ्याकडे वळली.

“भाऊ, हाई तुम्हीच करं ना?”

मी मान हलवली. तिने हेडक्लार्कचा रिकामा पेला उचलला आणि गावी निघायचं म्हणून मुलीला वह्यापुस्तकं गोळा करायला सांगितलं.