मामांचा बंदोबस्त

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची तोंडावर थट्टा केली. वाचकांच्या गूढ अनुभवांच्या अशा सदरात आपण लिहू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट इतकी वर्षं मनात अडकून बसली आहे. ती उंदरांची आहे, तेव्हा आधी हसून घ्या.

एक सांगून ठेवते. आमच्याकडे तेव्हा उंदराला उंदीर म्हणत नसत. नाव घेतलं की तो चिडतो आणि कपडे कुरतडतो, असा समज. म्हणून त्याला म्हणायचं ‘मामा’. पुढचा सगळा घोळ या एका शब्दाने केला.

माझे बाबा शिक्षक. पांढुर्ण्याला बदली होण्याआधी ते सौंसरला होते आणि तिथे त्यांनी एक लहानसं घर घेतलं होतं. जोडघर म्हणा — एकाच आढ्याखाली दोन घरं, मधे मातीची एकच भिंत. पलीकडे गोदाकाकू, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारख्या. आम्ही पांढुर्ण्याला आल्यावर आमचा भाग बाबांनी तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला भाड्याने दिला. माणूस एकटा, बायको-मुलं नाहीत, आणि गंमत म्हणजे सगळं गाव त्यांनाही मामाच म्हणायचं!

या मामांची एक खोड होती. रोज दिवा लावला की चुलीमागच्या बिळापुढे मूठभर ज्वारी ठेवायची. गोदाकाकू भिंतीपलीकडून ओरडत, “जेवले का जी मामाचे मामा?” बाबांनी एकदा पिंजरा आणायचं सुचवलं, तर मामा म्हणाले, “गुरुजी, घर तुमचं म्हणजे यातले मामाबी तुमचेच. इथं पोट भरलं तं ते कायले काकूकडं जातीन?” बाबा खूप हसले होते.

मग छप्पन साल आलं. नागपूर म्हणजे आमची राजधानी, आमची बाजारपेठ, सगळं काही. ते मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. आमची राजधानी भोपाळ! आमच्यापैकी कोणी ते पाहिलंही नव्हतं. कचेऱ्यांमध्ये याद्या लागल्या आणि मामांचं नाव नागपूरच्या यादीत निघालं. ते पांढुर्ण्याहून गाडी पकडणार होते. घराची किल्ली द्यायला आले, आईच्या हातचं पिठलं-भाकर जेवले. बाबा आणि मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली तसं मामा खिडकीतून म्हणाले, “गुरुजी, तेवढी मूठ चुकवू नका जी.” बाबांनी हो हो म्हणून हात हलवला आणि घरी येईपर्यंत विसरले. सौंसरच्या घराला कुलूप लागलं.

होळीच्या सुमाराला गोदाकाकूंचं कार्ड आलं. ‘मामा आमच्याकडे येऊन राहिले. लेक राधी बाळंतपणाला आली आहे. तुम्ही मालक, बंदोबस्त करावा.’ बाबांना वाटलं, मामा रजा काढून सौंसरला आले आणि घर बंद म्हणून काकूंकडे उतरले! त्यांनी खुशीत उत्तर लिहिलं : ‘मामा आले, वाचून आनंद झाला. त्यांना आग्रहाने ठेवून घ्यावे. पुरणपोळी तुपासोबत वाढावी. राधीजवळ बसवावे, म्हणजे तिलाही करमेल.’

उलट टपाली काकूंचं पत्र आलं. ‘राधीजवळ बसवले तर ते उद्या बाळाची बोटे खातील. मी उंदरांबद्दल लिहिले होते. तुमच्या बंद घरातून भिंत पोखरून येतात. कणगी फोडली, बाळंतविडा फाडला, राधीच्या टाचेला चावले.’

आई पदर तोंडाला लावून हसत होती, पण टाचेचं ऐकताच थांबली. बाबा तर पांढरे पडले. घर आपलं आणि भोगतंय दुसऱ्याचं लेकरू... हे त्यांना फार लागलं. पण शाळेच्या परीक्षा सुरू होत्या. त्या आटोपून आम्ही निघालो तोवर पाडवा होऊन गेला होता. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती, म्हणून मलाही नेलं. तो शनिवार होता. मोटारीच्या टपावर संत्र्यांच्या पेट्या, आत संत्र्यांचा वास. तो वास आजही आला की मी सोळा वर्षांची होते.

काकू ओट्यावरच भेटल्या. “आता आले का जी? दिवस भरून राहिले पोरीचे, अन् मालकाचा पत्ता नाही!” बाबा मान खाली घालून उभे. मग काकूच नरमल्या. “बसा. मामा बंद झाले. पाडव्यापासून एकबी आला नाही. बिळं तशीच आहेत, पण इकडं कोणी फिरकत नाही.”

“तुम्ही औषध घातलं?”

“मी कायले घालू? घर तुमचं!”

बाबांनी कुलूप उघडलं. एकमेव किल्ली त्यांच्याच खिशात होती, हे मी शपथेवर सांगते. आत जमिनीवर बोटभर धूळ. चुलीमागे बिळापुढे मात्र ताटलीएवढी जागा स्वच्छ, आणि तिथे मूठभर ज्वारी. नवी, पांढरीशुभ्र. धुळीत उंदरांच्या पावलांच्या बारीक नक्षीशिवाय दुसरं पाऊल नव्हतं. मी खिडक्या तपासल्या, आतून कड्या. कौलं जागच्या जागी. काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं माय...”

बाबांनी काकूंकडून मूठभर ज्वारी मागून घेतली, खाली बसले आणि त्या ज्वारीशेजारी ठेवली. मला म्हणाले, “हे काम माझं होतं गं.” निघण्याआधी त्यांनी बाजारातून पोतंभर ज्वारी आणली आणि किल्लीसकट काकूंच्या हवाली केली. काकू फणकारल्या, “घर तुमचं, मामा तुमचे, अन् हात माह्ये?” पण घेतली. नंतर राधीला मुलगी झाली, सुखरूप. बाळाला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

आम्ही परतल्यावर आठवड्याने मामांचं पत्र आलं. आमच्याकडे त्यांचा नागपूरचा पत्ताही नव्हता, म्हणजे बाबांनी काही कळवलं असण्याचा प्रश्नच नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. ‘इतके महिने खानावळीत जेवत होतो. पाडव्याला स्वतःची चूल मांडली. सवयीने दिवेलागणीला मूठभर ज्वारी ताटलीत घालून कोपऱ्यात ठेवली. खोली नवी, पक्की, वरच्या मजल्यावर. एक बीळ नाही, एक उंदीर नाही. तरी रोज सकाळी ताटली रिकामी. शनिवारपासून मात्र ज्वारी तशीच राहते. गुरुजी, तिकडे तुम्ही घालून राहिले का?’

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि एक कार्ड घेऊन त्यावर दोनच वाक्यं लिहिली. ‘हो. घर माझं आहे.’

नागपूर कुठे, सौंसर कुठे... मधे राज्याची नवी सीमा. ज्वारी तिकडून इकडे कशी आली? योगायोग म्हणावं तर पाडवाही जुळतो आणि शनिवारही. मी विज्ञानाची शिक्षिका, खूप डोकं खाजवलं.

पुढे बाबांनी ते घर विकलं. कागद झाले, किल्ली दिली, आणि उठता उठता घेणाऱ्याचा हात धरून बाबा म्हणाले, “आजवर मामा माझे होते. आता तुमचे.” तो बिचारा घाबरून विचारू लागला, “कोण मामा?” आणि बाबा त्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसले. आमची शेवटची मोटार चुकली.