बप्पा मधोमधच पाहिजेत

"बीए, मी कडंला कावून हाय?"

बप्पांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बोट आपटलं. बोटाचा ठसा नेमका त्यांच्याच तोंडावर उमटला. मी रुमालानं पुसला आणि म्हणालो, "कडेला नाही बप्पा. तुम्ही योग्य जागी आहात."

"योग्य जागा मधी असती."

आम्ही पाण्याच्या नव्या टाकीखाली उभे होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी अजून गिऱ्हाइकं आहेत. बीडहून पालीच्या पुढं, एवढं पुरे. टाकीचं उद्घाटन चार दिवसांवर होतं. वेशीत वीस फुटी फ्लेक्स लागणार होता. त्यासाठी टाकीसमोर सरपंच आणि सदस्यांचा फोटो काढायला मला बोलावलं होतं.

बप्पा सरपंच नाहीत. सरपंच त्यांच्या पत्नी, सुमनताई. जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा बप्पांनी त्यांना उभं केलं आणि स्वतः निवडून आले.

मला ते 'बीए' म्हणतात, त्यालाही कारण आहे. आई-बाप ऊसतोडीला जायचे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीडच्या माझ्या स्टुडिओत पदवी फ्रेम करून लावली आहे, लग्नाच्या फोटोंच्याही वर. गिऱ्हाईक विचारतं, हे स्टुडिओचं लायसन आहे का? मी हो म्हणतो. पदवीनंतर वर्षभराचा फोटोग्राफीचा कोर्स केला. तिथं पहिल्याच दिवशी शिकलेली गोष्ट त्या सकाळी वापरली, आणि तीच नडली.

तिला रूल ऑफ थर्ड्स म्हणतात. सोपं आहे. फोटोवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा आहेत असं समजायचं. मुख्य गोष्ट बरोबर मध्ये न कोंबता एखाद्या रेघेवर ठेवायची. फोटो मोकळा वाटतो. मी टाकी आणि माणसं उजव्या रेघेवर घेतली. डावीकडं आभाळ आणि शिवार.

"आन् ही डावी बाजू रिकामी कावून सोडली?"

"मोकळी जागा आहे बप्पा. नजरेला बरी वाटते."

"नजरंला? विरोधी पार्टी म्हणंल, ह्यांची तीन मान्सं फुटली, त्यांची जागा ठिवलीय."

सगळे सदस्य हसले. दोघं जरा जास्तच जोरात हसले. त्यांचं काहीतरी ठरत असावं.

मग मी गुडघ्यावर बसून खालून फोटो घेतला. हा लो अँगल. खालून काढला की माणूस वजनदार दिसतो, म्हणून पुढाऱ्यांना फार आवडतो. पोटही वजनदार दिसतं, ते मी आधी सांगत नाही. या खेपेला बप्पा मधोमध होते, पण नेमके टाकीसमोर. फोटोत टाकी त्यांच्या टाळूतून उगवली होती. मागं काय आहे ते न बघता बटण दाबणं, ही नवशिक्याची चूक. मला लाज वाटली.

"बप्पा, दोन पावलं सरका. टाकी तुमच्या डोक्यावर ठेवल्यासारखी दिसतेय."

"असू दे की! समदा भार आपल्याच डोक्यावर हाय. लोकायला कळू दे."

ते हलले नाहीत. हलले ते सदस्य. मागच्याचं डोकं लहान दिसतं, हे त्यांना कोर्स न करता माहीत होतं. एकेक जण हळूच पाऊल पुढं टाकत होता. पाच मिनिटांत अख्खी ग्रामपंचायत माझ्या लेन्सला नाक लावायच्या बेतात आली. त्या रेटारेटीत सुमनताई फ्रेमच्या बाहेर गेल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात बप्पांना फोन आला. ते ओरडत लांब गेले. सुमनताई माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, एक बोलू का?"

"बोला की ताई."

"मागल्या फ्लेक्सवर माजा नुसता कोपर आलता. लेकीनं वर्गातल्या पोरींना नेऊन दाखविलं, माजी आय सरपंच हाय म्हणून. पोरी म्हणल्या, कुटंय? तिनं कोपर दाखविला. आठ दिस पोरी तिला 'ए कोपर' म्हणून हाका मारायच्या."

सांगताना त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"मोठं नको भाऊ. तोंड तेवढं येऊ द्या. तिला बोट ठिवता आलं पायजे."

या टाकीच्या फाइलीसाठी त्यांनी एसटीनं किती खेपा घातल्या, ते मला माहीत होतं. माझा स्टुडिओ बसस्टँडसमोर आहे. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उन्हातून यायच्या आणि तांब्याभर पाणी पिऊन परत ऑफिसात जायच्या. बप्पा त्या दिवसांत कधी दिसले नाहीत.

बप्पा फोन संपवून आले. "चल बीए, आता शेवटचा. मी मधी, समद्यात पुढं, समद्यात मोठा. बाकी तुझं डोकं चालीव."

"ठरलं," मी म्हणालो. "फक्त फोटोत पाणी पाहिजे. पाण्याशिवाय टाकी म्हणजे नुसता खांब."

टाकीच्या पायाशी चाचणीचा नळ होता, वर फिरवायचं लोखंडी चाक. सगळ्यांचे कपडे पांढरे, कडक इस्त्रीचे. वाकायला कोणी तयार होईना. एका सदस्यानं चाक दोन बोटांनी उजवीकडं फिरवून बघितलं आणि हात झटकत परत आला.

"आवं, ह्याचं कोणाला म्हाईत हाय का?" बप्पा ओरडले.

"डावीकडं फिरवायचा," सुमनताई म्हणाल्या. "आन् लांब ऱ्हावा. पयला वारा येतो, मग पाणी."

त्यांनी पदर खोचला आणि नळापाशी जाऊन वाकल्या.

नळ मी आधीच हेरून ठेवला होता. फ्रेमच्या उजव्या रेघेवर तो येत होता आणि ऊन बरोबर तिथंच पडलं होतं. बप्पा पुढं, मधोमध, टाकीच्या सावलीत. लेन्सचं भोक मोठं उघडलं की ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर होतं. मी फोकस नळावर धरला.

नळ आधी फुसफुसला. मग फाडकन आवाज झाला आणि पाणी उसळलं. सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळल्या. बप्पांचीही. सुमनताई नखशिखांत भिजल्या आणि खळखळून हसल्या. मी बटण दाबलं.

बप्पांनी छोट्या स्क्रीनवर बोटानं स्वतःचं डोकं मोजलं, मग बाकीच्यांची. "मधी हाय. मोठा हाय. पास!"

"बप्पा, तुमचं तोंड वळलंय. जरा धूसरही आलंय."

"साइड पोज हाय ती. लई भारी. छाप!"

मी छापला. फोटोत नजर सगळ्यात मोठ्या माणसाकडं जात नाही. ती उजेडाकडं जाते, स्पष्ट चेहऱ्याकडं जाते आणि फोटोतली माणसं जिकडं बघतात तिकडं जाते. तळहाताएवढ्या स्क्रीनवर हे लपतं. वीस फुटांवर लपत नाही.

उद्घाटनाला पंचायत समितीच्या मॅडम आल्या. वेशीत गाडीतून उतरल्या, फ्लेक्स बघितला. बप्पा हार घेऊन पुढं झाले होते. मॅडम त्यांना ओलांडून सरळ सुमनताईंकडं गेल्या.

"सरपंच, अभिनंदन! पाणी आणलंत." मग फ्लेक्सकडं बोट करून म्हणाल्या, "आणि हे मध्ये उभे आहेत ते कोण?"

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "ते व्हय? ते सरपंचाचे मालक हायत."

बप्पांनी मला मांडवामागं ओढलं. हार अजून हातातच होता.

"बीए, मी मधी हाय. मोठा हाय. मग समदे तिकडंच कावून बघायलेत?"

"बप्पा, तुम्ही पण तिकडंच बघायलात."

त्यांनी फ्लेक्सकडं बराच वेळ बघितलं.

सुमनताईंनी त्या फोटोची पोस्टकार्ड साइज कॉपी नेली. लेकीच्या दप्तरात असते म्हणे.

बप्पांनी पुढच्या फ्लेक्सला दुसरा फोटोग्राफर धरला. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, मधली जागा मागणाऱ्याला देऊन टाकायची, भांडायचं नाही.

परवा त्या गावावरून गेलतो. वेशीत तो नवा फ्लेक्स लागलाय. बप्पा मधोमध, तोंड स्पष्ट, नजर सरळ कॅमेऱ्यात. बाकीचे सगळे सदस्य मात्र उजवीकडं माना वळवून कोणाचं तरी ऐकतायत. कोणाचं, ते फ्रेममध्ये आलेलं नाही. कडेला एक कोपर तेवढा दिसतो.