बाबांचं नाव शोधणारं पान

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर गिरणी कामगारांच्या समितीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि घरांसाठी पात्र ठरलेल्यांची यादी दाखवणारी वेबसाइट. ती मी केली, फुकट. बाबांनी मला न विचारताच तिथे सांगून टाकलं होतं की पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे.

बाबा बदली कामगार होते. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं. त्यांचं बदली कार्ड संपाच्या धामधुमीत कुठे गेलं कोणास ठाऊक, आणि कागदाशिवाय घर नाही. तरी फॉर्म भरलेला होता. नवी यादी आली की ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि स्वतःचं नाव शोधायला लावत.

पान भयंकर हळू होतं. हजारो नावं आणि ऑफिसातला जुनाट कॉम्प्युटर. नाव टाकलं की पडदा थिजायचा. तेवढ्यात बाबा चष्मा पुसत साचेखात्यातले किस्से सांगत. मला ते पाठ होते, आणि खरं सांगायचं तर मी वैतागायचो. रांगेतली माणसं तर माझ्याकडे अशी बघत की यांचं घर मीच अडवून धरलंय.

शेवटी मी कंबर कसली. वेबसाइटचा सांगाडा एका फ्रेमवर्कवर उभा होता. पडद्यावर ओळी मांडायचं काम आतली एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, करायची. सांगाडा तसाच ठेवून तिच्या जागी तशीच, पण हलकी आणि चपळ लायब्ररी बसवायची. दोन ओळींचा बदल म्हणून हात घातला आणि दोन रविवार गेले. एकदा तर गिरणी निवडायची पट्टीच गायब झाली. पण जमलं. नाव टाकून होईस्तोवर उत्तर हजर.

त्याच आठवड्यात नवी यादी आली. समितीच्या सेक्रेटरींनी मला बाहेर गॅलरीत बोलावलं. "ही शेवटची रे. यापुढे नवीन नावं घेणार नाहीत. तुझ्या बाबांना तूच सांग."

आत बाबा चष्मा पुसत होते. मी नाव टाकलं. 'नोंद आढळली नाही.' चष्मा अजून त्यांच्या हातातच होता.

"इतक्यात?" ते म्हणाले. "एवढी नावं ह्याने वाचली कधी?"

"आता फास्ट केलंय, बाबा."

"नीट बघूक नाय त्याने. परत बघ."

मी परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. दर वेळी तेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत. माझ्याच कामाची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

"कागदावर काढून दे," ते म्हणाले.

सगळी यादी छापली. चांगला जाडजूड गठ्ठा झाला. बाबा घरी खिडकीशी बसून एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. आडनावाप्रमाणे लावलेली यादी, त्यांच्या आडनावाची जागा पहिल्या काही पानांतच येऊन गेली असणार. तरी ते पुढे वाचत राहिले. चुकून भलतीकडे पडलं असेल म्हणून. मधेच एखादं ओळखीचं नाव लागलं की आईला हाक मारून सांगत, "ह्याचा झाला गो." आई जेवणाचं ताट झाकून ठेवी आणि माझ्याकडे बघे. ही यादी शेवटची, हे तिला मी सांगितलं होतं. त्यांना सांगायला तोंड उघडत नव्हतं, तिचंही आणि माझंही.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपलं.

"नाय," ते म्हणाले. मग गठ्ठा मांडीवर ठोकून सारखा केला. "पुढची यादी कधी लागतली?"

मी म्हटलं, "गणपतीनंतर बहुतेक."

त्यांनी मान हलवली, गठ्ठ्याला सुतळी बांधली. "तीपण कागदावरच दे मगे," ते म्हणाले.